डोनर सायकल

बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गेले तीन आठवडे मी सायकली तपासतोय. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी!

झालं असं. माझी थोरली बहीण, अक्का, पाली हिलच्या चढावर एका जुन्या इमारतीत राहते. तिला आता पेपर वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी दांड्याहून जाऊन वाचून दाखवतो. यंदा उजव्या गुडघ्याने हात टेकले (गुडघ्याने हात कसे टेकले, ते विचारू नका). आमच्या कोळीवाड्याच्या बोळात रिक्षा यायला कुरकुरतात, आणि मिळाली तरी एवढ्याशा अंतराला नाही म्हणतात. तेव्हा सायकलला मोटर बसवायचं मनात आलं.

अशा कामासाठी जी साधी सायकल निवडतात तिला म्हणे 'डोनर' म्हणतात. मला आधी रक्तपेढीच आठवली. पण अशी जोडाजोड काही नवी नाही. माउंटन बाइकच मुळी तशी जन्मली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतल्या पोरांनी जुन्या जाड टायरच्या श्विन सायकली शोधून काढल्या, त्यांना चांगले ब्रेक आणि गिअर लावले आणि डोंगरावरून सोडल्या.

घरात दोन उमेदवार होते. नातवाची अ‍ॅल्युमिनियमची सायकल, पुढे-मागे शॉकअप, दिसायला झोकदार. आणि मुलाची, १९९९ साली दहावी झाल्यावर घेतलेली लोखंडी, माळ्यावर पडलेली. माझं मन अर्थातच दुसरीवर.

नातवाची लवकरच बाद झाली. खोक्याचा पुठ्ठा बॅटरीच्या मापाचा कापला आणि फ्रेमच्या त्रिकोणात धरून पाहिला. मधोमध मागचा शॉकअप! बॅटरी बसणार कुठे? कॅरिअरवर टाकावी तर सगळं वजन मागे आणि उंच. शिवाय मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस उलट्या दिशेने फिरू पाहतो. त्याला धरून ठेवतात त्या फक्त फ्रेमच्या खाचा. लोखंडी खाच वाकते, तिची कुरकुर ऐकू येते. अ‍ॅल्युमिनियमची एखाद दिवशी तडकते. पुढच्या चिमट्यात मोटर बसवली आणि ती खाच गेली, तर चाकच निसटायचं. म्हणून मोटर मागे, आणि आसाला जखडणारी पोलादी पट्टी लावायचीच, हे मी ठरवून टाकलं.

मग मुलाची सायकल खाली उतरवली. चाक सव्वीस इंची, त्या मापाच्या मोटरी सहज मिळतात. मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर शाळेतल्या लाकडी फूटपट्टीने मोजलं: १३५ मिलिमीटर. अगदी हवं ते! चिमटा साधा, बिनशॉकअपचा. त्रिकोण मोकळा, पुठ्ठा छान बसला. मी मुलाला पुण्याला फोन करून सांगूनही टाकलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, ब्रेक बघून घ्या."

बाजाराजवळच्या मिस्त्रीकडे नेली. माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा, पण हात सोन्याचा. त्याने ती उलटी केली, पायडलच्या आसाजवळची नळी पान्याने ठोकली. दुसऱ्या जागी ठणठण, इथे भद्द. रंग खरवडला तर पापुद्रेच निघाले. सीटच्या नळीतून पंचवीस पावसाळ्यांचं पाणी उतरलं होतं, आणि समुद्राची खारी हवा तर आपल्याकडे खिडकीच्या गजांनाही सोडत नाही. "सर, पेपर आणायला चालेल. मोटरला नाही."

मी जरा हुज्जत घातली. वेल्डिंग करू म्हटलं. तो म्हणाला, "उतारावर तुटली तर वहिनींना मी काय सांगू?" शाळेत याला मी गप्प बसवायचो. या वेळी मी गप्प बसलो.

शेवटी त्यानेच एक जुनी लोखंडी सायकल काढून दिली. रंग भयंकर, हिरवा. पण नळ्या ठणठणीत, मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील, रिम सरळ. ब्रेक मात्र पुढचे-मागचे नवे घालायला लावले. मोटर आणि बॅटरी मिळून पाचसहा किलो वाढणार, आणि जाताना चढ म्हणजे येताना उतार. तो ३५० वॅटची मोटर घ्या म्हणत होता. मी २५०वर अडून बसलो. बिननोंदणीच्या ई-सायकलींना तीच हद्द आहे, आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत. मला शर्यत लावायची नाही, अक्काकडे जायचंय.

मुलाच्या सायकलचं सीट, कॅरिअर आणि पितळी घंटा मात्र काढून या हिरवीला लावली. फ्रेम भंगारात दिली. मुलाला ते अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेलच.

अक्काला सांगितलं तर तिचा एकच प्रश्न: "घंटा आहे ना? मग खालून वाजव. वरून किल्ली टाकते."