धडधड थांबली म्हणजे काळजी सरली काय?

मनुष्याचें भय कोठें वास करतें, हें आपल्या मराठी भाषेस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भय वाटलें म्हणजे छातींत धडकी भरते, पोटांत गोळा उठतो, तोंडचें पाणी पळतें, हातापायांस कांपरें सुटतें. मनाची स्थिति सांगावयाची असतांही आपण वर्णन करतों तें देहाचेंच. घरांतील वडील माणसें याच खुणांवरून न सांगतां ओळखतात कीं, पोराच्या मनांत कांहीं तरी सलत आहे. परंतु या खुणाच झांकून टाकणारें औषध घरांत आलें म्हणजे काय होतें, तें आम्हीं गेल्या दोन वर्षांत जवळून पाहिलें. इतर कुटुंबांसही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव येथें लिहीत आहों.

आमचें घर अंबाजोगाईचें. लहानमोठीं अकरा माणसें एका छपराखालीं नांदतात. थोरल्या बंधूंचा मुलगा वकिली करतो. बुद्धीनें तल्लख, अभ्यासांत कसूर नाहीं. पण न्यायाधीशांपुढें उभा राहिला कीं छाती धडधडावी, हातांतील कागद थरथरावा, शब्द घशांत अडकावा, अशी त्याची अवस्था होई. डॉक्टरांनीं त्यास नीट तपासलें. दमा आहे काय, मधुमेह आहे काय, नाडी मुळांतच मंद चालते काय, हें विचारून घेतलें, आणि प्रोप्रॅनोलॉल नांवाची गोळी लिहून दिली.

हें औषध मुळांत भीतीवरचें नव्हेच. सर जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत तें हृदयशूळाच्या रोग्यांसाठीं शोधून काढलें. पुढें १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. भय वाटतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन रक्तांत उतरतें आणि हृदयास ‘धांव’ असा हुकूम देतें. हा हुकूम घेणारीं जीं ग्राहकस्थानें आहेत, त्यांपैकीं ‘बीटा’ नांवाच्या स्थानांवर हें औषध आधींच जाऊन बसतें. हुकूम निघतो, पण पोंचत नाहीं. म्हणूनच या वर्गास बीटा-ब्लॉकर म्हणतात. हात स्थिर करण्याची त्याची शक्ति एवढी मान्य झालेली आहे कीं, नेमबाजीच्या स्पर्धांत त्यास मनाई आहे. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाच्या तपासणींत तें आढळलें, आणि त्याचीं दोन्ही पदकें काढून घेण्यांत आलीं.

पुतण्यास गोळीचा गुण तत्काळ आला. कागद थरथरेनासा झाला, आवाज ठरला. घरांत सर्वांस समाधान वाटलें. पुढें गोळी रोजची झाली, मात्राही वाढली, आणि लहानसहान तक्रारी सुरू झाल्या. ऐन वैशाखांत त्याचे हात गार पडत. मुकुंदराजांच्या समाधीकडून परततांना पूर्वी सहज चढून येणारा मुलगा मध्यें थांबूं लागला. पाटावरून एकदम उठला म्हणजे डोळ्यांपुढें अंधारी येई. रात्रीं इतकीं स्पष्ट आणि भयंकर स्वप्नें पडत कीं, तो दचकून उठून बसे. एकत्र कुटुंबांत प्रत्येक लक्षणास निराळें कारण सांगणारें माणूस असतेंच! कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें जागरण, कोणी म्हणालें आळस. या सर्वांचा गोळीशीं संबंध जोडला तो सूनबाईनें. तिनें घड्याळ पुढें ठेवून नाडी मोजली. ती मिनिटास ५० च्याही खालीं होती. तिनें त्याच दिवशीं डॉक्टरांस कळविलें.

“मग उद्यांपासून बंदच कर,” असें बंधु म्हणाले. डॉक्टरांनीं मात्र तसें करूं दिलें नाहीं. ग्राहकस्थानें बरेच दिवस अडवून ठेवलीं असतां शरीर अॅड्रेनॅलिनविषयीं अधिकच हळवें होतें. औषध एकाएकीं काढलें कीं धडधड दुप्पट जोरानें परतते, आणि ज्यांचें हृदय दुबळें आहे त्यांस तर तें जिवावर बेतूं शकतें. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्यानें उतरविली. तक्रारी एकेक करून मावळल्या.

दुसरा प्रसंग मार्गशीर्षांत, योगेश्वरीच्या नवरात्रांत आला. आमच्या थोरल्या वहिनींस मधुमेह आहे. त्या इन्शुलिन घेतात. सर्वांनीं नको म्हटलें असतांही त्यांनीं उपवास धरला होता. तिसऱ्या प्रहरीं त्या ओसरीवर येऊन म्हणाल्या, “भावजी, छातींत कशी धडधड होते आहे, हातही कांपताहेत. पोराची ती कोर्टांत जायची गोळी असेल तर एक द्या मला.”

पुतण्या तेथेंच बसला होता. तो म्हणाला, “आई, गोळीचें मागाहून पाहूं. आधीं बोट पुढें कर.”

यंत्रावर साखर ५८ दिसली. लगेच साखरेचें पाणी दिलें, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजून पाहिलें, आणि मग वहिनींस जेवावयास बसविलें. ती धडधड भीतीची नव्हती. साखर उतरल्याची ती हांक होती. गोळी पोटांत गेली असती, तर धडधड आणि कांपरें दोन्ही दबलीं असतीं, फार तर घाम तेवढा राहिला असता, आणि साखर आंतल्या आंत उतरतच गेली असती. दम्याच्या माणसास तर हीच गोळी श्वासनलिका आवळून गुदमरवूं शकते. ज्या घरांत लोणच्याच्या बरणीपासून पांघरुणापर्यंत सर्व कांहीं सामाईक असतें, तेथें औषध तेवढें सामाईक असूं नये, हें त्या दिवशीं सर्वांस पटलें.

त्या रात्रीं पुतण्या आम्हांपाशीं बराच वेळ बोलत बसला. म्हणाला, “काका, आईची धडधड ऐकून आपण सारे धांवलों. माझी थांबली, तेव्हांपासून मला कोणी कांहीं विचारीतच नाहीं. हात कांपत होते तेव्हां अण्णा रोज संध्याकाळीं जवळ बसायचे.” मग कळलें कीं, त्याची भीति न्यायाधीशांची नव्हतीच. अण्णांनीं चाळीस वर्षें खपून मिळविलेलें नांव आपल्या हातून जाईल, ही ती भीति होती. गोळीनें तिला स्पर्शही केला नव्हता. फक्त ती घराला दिसेनाशी झाली होती.

बंधूंस हें सांगितलें तेव्हां ते कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हां संध्याकाळीं मुलाशेजारीं बसूं लागले. गांवांत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळें मानसोपचारतज्ज्ञ गांठण्यासही दूर जावें लागलें नाहीं. भीतीच्या प्रसंगास थोडें थोडें करून सामोरें जावयास शिकविणारा उपचार आतां चालू आहे. एखाद्या ठराविक प्रसंगापुरती ही गोळी उपयोगी पडते. परंतु नित्याच्या चिंतेवर तिचा गुण सिद्ध करणारा पुरावा तोकडा आहे, असें तज्ज्ञांनींही सांगितलें.

वाचकहो, या औषधाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यानें आमच्या मुलास कोर्टांत उभें राहण्याचें बळ दिलें, हें आम्ही विसरणार नाहीं. तथापि ज्यांच्या घरीं तें असेल, त्यांनीं तें कुलपांत ठेवावें, गोळ्या मोजून ठेवाव्या, कारण अधिक प्रमाणांत पोटांत गेल्यास तें थोड्याच वेळांत प्राणघातक ठरतें. दुसऱ्याची गोळी कोणीं घेऊं नये, आणि आपली कोणीं आपल्या मनानें बंद करूं नये. आणि घरांत ज्याची धडधड औषधानें थांबली असेल, त्यास आजच दिवेलागणीला जवळ बसवून घ्यावें आणि कसें काय चाललें आहे, तें विचारावें.