सुटी मूठ

जपानी भाषेत 'चोगोकिन' म्हणजे शब्दशः 'अतिमिश्रधातू'. गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये फुजी पर्वतापाशी सापडणाऱ्या एका खनिजापासून हा अभेद्य धातू बनतो, आणि त्यातून घडवलेल्या महायंत्राच्या डोक्यात बसून कोजी काबुतो हा मुलगा ते चालवतो. योकोयामांचा 'तेत्सुजिन-२८' (१९५६) दुरूनच नियंत्रित होत असे. इथे मूल थेट यंत्राच्या आत शिरले. चित्रमालिका १९७२ च्या डिसेंबरात सुरू झाली. १९७४ मध्ये बांदाईच्या 'पोपी' या उपकंपनीने त्या यंत्राचे वीतभरही उंच नसलेले धातूचे खेळणे काढले आणि कथेतल्याच धातूचे नाव त्याला दिले. प्रत्यक्षात ते साच्यात ओतलेले जस्ताचे मिश्रण. कल्पितातले विशेषण वास्तवातल्या जस्ताला इतके घट्ट चिकटल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही.

हातात घेतल्यावर मात्र त्या नावाचा मोह कळतो. आकाराच्या मानाने ते फार जड लागते. कळ दाबली की स्प्रिंगच्या जोराने मूठ सुटते आणि पलंगाखाली जाते. म्हणूनच जुन्या प्रतींत मुठी हरवलेल्या असतात. खोकी तर फाडण्यासाठीच असतात, असे त्या काळच्या मुलांचे मत असणार. आज संग्राहक सर्वाधिक किंमत देतात ती न खेळलेल्या खेळण्याला, अखंड खोक्यासह. (जस्तात शिशाची भेसळ असेल तर न खेळलेले खेळणेही आतून तडकत जाते, हा भाग वेगळा.)

आम्ही दोघे एकाच विभागात मराठी शिकवतो, आणि आमच्या सामाईक मालकीच्या माझिंगरला उजवी मूठ नाही. अलीकडे एका विक्रेत्याकडून नव्याने ओतलेली हुबेहूब मूठ मिळाली. ती बसवावी की नाही, यावरून आमच्यात चांगलेच वाजले. एकाचे म्हणणे, मुठीवाचून माझिंगर कसला? दुसऱ्याचे म्हणणे, हा सरळ प्रक्षेप आहे. पुढे ज्याच्या हाती हे जाईल त्याला अस्सल कोणते आणि भर कोणती, हे कसे कळणार? १५८४ मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांची साक्ष अर्थातच निघाली, आणि ती दोन्ही बाजूंनी निघाली. शुद्ध करणे म्हणजे हात लावणेच, असे एकाने म्हटले. पण नाथांनी स्वतःची ओवी घालू नका असेही बजावले आहे, हे दुसऱ्याने.

वाद निव्वळ तात्त्विक राहिला नाही, कारण एक गिऱ्हाईक दारात आहे. दोन्ही मुठी असल्या तर तो बरेच जास्त देईल, आणि नवी कोणती हे त्याने विचारलेले नाही. तूर्त ती मूठ एका पाकिटात आहे. पाकिटावर 'नवी, उजवी' असे लिहून ठेवले आहे. गिऱ्हाइकाला तेच पत्राने कळवले. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.