टेकची खोली

चि. सोनूस,



‘रिप्लाय १९८८’ ही कोरियन मालिका संपवल्यावर तू पाठवलेला भलामोठा मेसेज ऐकला. वीस भाग, त्यातले कितीतरी दीड तासाच्या घरात जाणारे, आणि शेवटी डॉक-सनचं लग्न जंग-ह्वानशी न होता टेकशी होतं, याचा तुझा राग अजून उतरलेला दिसत नाही. फोनवर बोलायला घेतलं की आपण दोघी एकदमच बोलतो, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

नायिकेचा नवरा कोण, हे कोडं ‘रिप्लाय’ मालिकांच्या पाचवीलाच पुजलेलं आहे. दिग्दर्शक शिन वॉन-हो आणि लेखिका ली ऊ-जंग यांनी २०१२ साली ‘रिप्लाय १९९७’ केली, २०१३ साली ‘रिप्लाय १९९४’, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात ही. तिन्हींत ते नाव शेवटपर्यंत झाकून ठेवलंय. टीव्हीएन ही केबल वाहिनी, तरी जानेवारी २०१६ मधल्या शेवटच्या भागाचं रेटिंग १८.८ टक्क्यांवर गेलं. केबल मालिकेसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. कोरियातले प्रेक्षकही तुझ्यासारखेच दोन तट पाडून भांडले. पण मला विचारशील तर ते कोडं म्हणजे या मालिकेतली सगळ्यांत कमी मोलाची गोष्ट. मला जे मोलाचं वाटलं, ते टेकच्या खोलीत आहे.

ती खोली आठव. सोलच्या उत्तरेकडचं सांगमुन-डोंग, त्यातली एक गल्ली, आणि डॉक-सन, जंग-ह्वान, सन-ऊ, डोंग-र्योंग आणि टेक या गल्लीतल्या पाच पोरांचा अड्डा टेकच्या घरी. टेकला आई नाही, वडील दिवसभर घड्याळांच्या दुकानात. तो स्वतः बादुकचा, म्हणजे ‘गो’ या पटावरच्या खेळाचा, नामवंत खेळाडू. वर्तमानपत्रात फोटो येतात, पण बुटाची नाडी धड बांधता येत नाही आणि झोपेसाठी गोळ्या लागतात. बाकीचे चौघे खुशाल दार ढकलून आत येतात, उबदार जमिनीवर लोळतात, व्हिडिओवर सिनेमा लावतात, पातेल्यातल्या नूडल्सवर तुटून पडतात. बहुतेक वेळा तिथे काहीच घडत नाही. दिग्दर्शकाने हे काहीच न घडणं इतका वेळ दाखवलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं. कारण मोठेपणी नेमका तो रिकामा वेळच हाताशी राहत नाही. भेटायचं तर कारण लागतं, तारीख ठरवावी लागते.

टेक एक सामना हरून येतो, तो प्रसंग आठवतो? सगळी गल्ली दबक्या आवाजात बोलायला लागते. मोठी माणसं त्याच्याकडे नजर चुकवून बघतात, कोणी त्या हरण्याचा विषय काढत नाही. त्या काळजीनेच तो आणखी आक्रसतो. मग ही चौघं येतात आणि सरळ विचारतात, काय रे, हरलास म्हणे? त्याची टर उडवतात. इतका राग आलाय तर शिवी दे की, म्हणून त्याच्या मागे लागतात. आयुष्यात शिवी न दिलेला तो पोरगा अडखळत एक शिवी देतो आणि सगळी हसून लोळतात. त्यांच्यापुढे तो चॅम्पियन नसतो, हरलेलाही नसतो, नुसता टेक असतो. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा बघितला. चौघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर आपण याचं सांत्वन करतोय असा भाव नाही.

ही मैत्री कुणी निवडून केलेली नाही, हेही बघ. पाच पोरं एका गल्लीत वाढली, एवढंच. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी एका घरातून दुसऱ्या घरी वाडगे जायला लागतात. याच्या घरचं त्याच्याकडे, त्याच्याकडचं तिच्याकडे, आणि पोरं गल्लीत एकमेकांसमोरून धावताहेत. पण त्या शेजारधर्माखाली पैशाचा प्रश्न सतत आहे. डॉक-सनचे वडील बँकेत नोकरीला, ते मित्राला जामीन राहिले आणि कर्जात बुडाले. म्हणून ते कुटुंब जंग-ह्वानच्या घराच्या अर्ध्या तळघरात राहतं. जंग-ह्वानकडे पैसा आला तो थोरल्या भावाला लागलेल्या लॉटरीतून. वर मालक आणि खाली भाडेकरू असताना दोन बायकांनी मैत्रिणी राहणं सोपं नाही. डॉक-सनच्या आईला उसने पैसे हवे असतात, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि वरची मैत्रीण न मागता खाऊबरोबर पैशांचं पाकीट देते. मुलांनी मैत्री निभवायची कशी हे पाहिलं ते असं, आयांकडून.

आता तुझ्या जंग-ह्वानकडे येते. १९९४ उजाडतं. डॉक-सन हवाई सुंदरी, जंग-ह्वान हवाई दलात वैमानिक, सन-ऊ डॉक्टरकीच्या वाटेवर, डोंग-र्योंगचं रेस्तराँ. डॉक-सन गाण्यांच्या कार्यक्रमाला गेलेली असते. तिथे जंग-ह्वान पोचतो तेव्हा टेक आधीच आलेला असतो, महत्त्वाचा सामना सोडून. तू म्हणतेस, रस्त्यातल्या लाल सिग्नलांनी जंग-ह्वानचा घात केला. तो स्वतः तसं म्हणत नाही गं. दोष सिग्नलचा नव्हता, आपण इतकी वर्षं कचरत राहिलो त्याचा होता, हे त्याला गाडीतच उमगतं.

पण त्यानंतरचा टेबलावरचा प्रसंग मला जास्त मोठा वाटतो. तो डॉक-सनपुढे अंगठी ठेवतो आणि वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं एकेक सांगत जातो. तिच्याबरोबर शाळेला निघता यावं म्हणून थांबून राहिलेल्या सकाळी, बसच्या गर्दीत तिला धक्का लागू नये म्हणून केलेली धडपड, ती अभ्यासिकेतून उशिरा यायची तेव्हाचं जागरण. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेताला असतं. आणि मग तो डोंग-र्योंगकडे वळून विचारतो, काय, झालं ना आता समाधान? जणू त्याच्या आग्रहाखातर केलेली थट्टा. तुला यात अन्याय दिसतो, मला त्याची समज दिसते. सगळं खरं खरं बोलून झालं, पण ते थट्टेच्या नावावर खपवायची वाट त्याने तिच्यासाठी उघडी ठेवली. टेकशीही त्याला उद्या नजरेला नजर देता येणार होती. शाळेतल्या दोस्तीला पुढे तीस-चाळीस वर्षं चालायचं असेल, तर कुणाला तरी कधीतरी असं काही गिळावं लागतं, आणि बाकीच्यांनी ते बघूनही न बघितल्यासारखं करावं लागतं. डोंग-र्योंगने त्या टेबलावर तेच केलं.

मात्र एका बाबतीत मी तुझ्या बाजूची आहे. मालिकेतल्या आजच्या काळात, म्हणजे २०१५ मध्ये, सोफ्यावर बसून आठवणी सांगायला आहेत ते डॉक-सन आणि तिचा नवरा. (नवऱ्याच्या भूमिकेतला किम जू-ह्योक २०१७ मध्ये अपघातात गेला, त्यामुळे ते प्रसंग बघताना जीव कळवळतो.) मोठा झालेला जंग-ह्वान दिसतच नाही. पंचेचाळिशीच्या आसपासचा डोंग-र्योंग कसा दिसतो, कशावर हसतो, हे आपल्याला कळत नाही. गल्ली मोडली, कुटुंबं पांगली, तिथवर मालिका फार सुंदर जाते. पण एवढी वर्षं ज्या पाचांना जपलं त्यांना पुन्हा एका खोलीत, सुटलेल्या पोटांनिशी आणि चष्म्यांनिशी, बसलेलं दाखवायला हवं होतं. संसार टिकला हे दाखवलं, दोस्ती टिकली हे आपल्यावर सोडलं. लेखिकेने तो एक प्रसंग लिहिला असता, तर नवरा कोण याचं तुलाही इतकं वाटलं नसतं.

दिवाळीत येशील तेव्हा अंगठीचा तो अठरावा भाग पुन्हा लावू, मग हवं तेवढं भांड. आणि हो, शाळेत तुझ्या शेजारच्या बाकावर जी मैत्रीण बसायची, तिच्या लग्नाची पत्रिका इकडे आलीय. ताई सांगत होती, रजा मिळणं अवघड आहे असं तू म्हणालीस. शनिवारचं लग्न आहे, शुक्रवारी रात्रीच्या गाडीत अजून जागा आहेत. आजच बघ.

तुझी,
मावशी