दोनशे सोळा झाडे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी उधव्याला इको गाडी भरायची वाट बघत उभी होते. "मॅडम, दिव्यांग मुलांच्या जिद्दीवर काहीतरी लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकांना जरा उभारी यायला हवी." म्हटलं, जिद्दीवर माझ्याकडे काही नाही, चाचण्यांवर आहे. पलीकडे थोडी शांतता. मग, "चाचण्या म्हणजे रक्ताच्या?" नाही हो, शाळेच्या. भाषा, गणित, इंग्रजीच्या. "अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली उभारी उतरलेली मला उधव्यापर्यंत ऐकू आली. तरी 'लिहा' म्हणाले, म्हणून हा लेख. जिद्द हवी असणाऱ्यांनी पुढचे पान उलटावे.

मी विशेष शिक्षिका. डहाणू आणि तलासरी हे माझे तालुके. नेमणूक गट साधन केंद्रात, पण बसणे कमी आणि फिरणे जास्त. पिशवीत ब्रेलपाटी, मोठ्या टायपातली पुस्तके, भिंग, जाड मुठीच्या पेन्सिली आणि दुपारचा डबा. नोकरीला लागले तेव्हा माझ्या यादीवर 'अपंग' छापलेले असे. नंतर 'विशेष गरजा असणारी बालके' आले, आता 'दिव्यांग'. दरवेळी रजिस्टर नवे मिळाले. वर्गात त्या मुलाची जागा मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली. दाराशी, शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून.

तर चाचण्या. आपल्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमापासून राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर मुलांना तपासायची पद्धत पडली. सरकारच्या 'स्टार्स' या शालेय प्रकल्पात २०२३-२४ साली तिला 'नियतकालिक मूल्यांकन चाचणी' हे नाव आले. सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. पहिल्या वर्षी तिसरी ते आठवी, विषय तीन : प्रथम भाषा, गणित आणि तृतीय भाषा म्हणून इंग्रजी. पेपर शिक्षकांनीच तपासायचे आणि गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचे. आमच्या डोंगरी पाड्यांवर या शेवटच्या कामासाठी गुरुजी मोबाईल उंच धरून रेंज शोधत टेकाडावर चढतात.

या चाचणीने कोणाला वर बसवायचे किंवा खाली ठेवायचे नसते, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. पालक विचारतात, "पास झाला का?" सरपंच विचारतात, "आपली शाळा कितवी?" अहो, हा वजनकाटा आहे. मूल कुठवर आले ते बघायचे आणि पुढे काय शिकवायचे ते ठरवायचे. पण काट्याचा उपयोग व्हायचा तर सगळ्यांनी त्यावर चढायला हवे, आणि इथेच माझी मुले गळतात.

गळण्याचा पहिला प्रकार साधा. चाचणीच्या आदल्या दिवशी गुरुजी आईला सांगतात, "उद्या त्याला नका पाठवू, त्याला त्रास होईल." दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर 'गैर'. यात दुष्टावा नसतो, हिशेब असतो. दोनशिक्षकी शाळेत एका इयत्तेत सात मुले. सहांना साठ टक्के आणि सातव्याला शून्य मिळाले, तर वर्गाची सरासरी साठवरून एकावन्नावर येते. मुंबईतल्या साठ मुलांच्या तुकडीत तेच शून्य एका टक्क्याने दिसेल. म्हणजे शाळा जितकी लहान, तितका एका मुलाचा भार मोठा. केंद्रप्रमुखांच्या बैठकीत 'एकावन्न कसे?' हा प्रश्न गुरुजींना येतो. 'सातवे मूल कुठे होते?' हा येत नाही.

हे आपलेच दुखणे आहे असे समजू नका. अमेरिकेतही राज्यांच्या चाचण्यांतून अशी मुले सर्रास वगळली जात. १९९७ साली तिथल्या अपंग-शिक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना चाचणीत घेणे बंधनकारक झाले. २००१ च्या कायद्याने आणखी एक खुंटी मारली : किमान ९५ टक्के मुले चाचणीला बसलीच पाहिजेत, आणि दिव्यांग मुलांचा हिशेब वेगळासुद्धा लागला पाहिजे. अतितीव्र बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी पर्यायी चाचणी ठेवली, पण २०१५ मध्ये तिच्यावर एकूण मुलांच्या एक टक्क्याची मर्यादा घातली, नाहीतर नको असलेले प्रत्येक मूल त्या पर्यायी खोलीत ढकलले गेले असते. माझ्या हाती काही असते, तर मी तो ९५ चा नियम उद्या आणला असता. निदान 'गैर' का, हे कोणीतरी विचारले असते.

आमच्याकडे 'गैर'ला आणखी एक कारण असते. दिवाळी झाली की इथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, बापे खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर चढतात. दुसऱ्या सत्रात वर्ग तसाही अर्धा होतो. त्यात चालता न येणारे मूल भट्टीवर गेले की शाळेत नाही म्हणून चुकचुकणारे कोणी नसते.

दुसरा प्रकार मला जास्त छळतो, कारण तो चांगुलपणातून येतो. एका शाळेत चौथीत ऐकू न येणारी मुलगी होती. भाषेच्या चाचणीत तिला तीसपैकी सत्तावीस. मी उडालेच. ती मुलगी फळ्यावरचे सुबक उतरवते, पण दोन ओळींच्या उताऱ्याचा अर्थ तिला लागत नाही, हे मला पक्के ठाऊक. उत्तरपत्रिका मागून पाहिली. अक्षर तिचे, उत्तरे बाईंची. बाईंनी फळ्यावर लिहून दिले, तिने उतरवले. बाई म्हणाल्या, "मॅडम, बिचारीला शून्य कसं देऊ?" पुढे काय झाले? चॅटबॉटच्या लेखी ती मुलगी वर्गाच्या पुढे. मागे पडलेल्या मुलांसाठीच्या कृती कार्यक्रमातून तिचे नाव गळले. श्रवणयंत्र बंद पडून चार महिने झाले होते, ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण सत्तावीसवाल्या मुलीचे यंत्र कोण बघतो?

बाईंना मी रागावले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही एका मुलाची लेखनिक होऊन बसले होते आणि तो 'सात' म्हणाला तेव्हा 'नऊ' लिहिले होते. उत्तर नऊच होते. त्या दोन गुणांची मला आजही लाज वाटते.

आता माझा लाडका वाद. संपादकांनी कापला तर कापू दे. प्रश्न मुलाला वाचून दाखवायचा का?

कायद्याचे सोपे आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. त्याचे कलम १७ सांगते की परीक्षा पद्धतीत योग्य बदल करा : जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटे वाढीव ठरवली. लोक याला 'सवलत' म्हणतात. एसटीच्या तिकिटात असते तशी. सवलत म्हटले की शेजारच्याला वाटते, आपले काहीतरी गेले. चष्म्याला कोणी सवलत म्हणत नाही. (तृतीय भाषेतून सूट मिळालेल्या मुलाच्या इंग्रजीच्या रकान्यात काय भरायचे, यावर मी तीन शाळांत तीन उत्तरे पाहिली : शून्य, रिकामे आणि गैरहजर. तिन्हींचे अर्थ वेगळे. असो.)

पण वाचून दाखवणे हे जादा वेळेसारखे निरुपद्रवी नाही. गणिताचे शाब्दिक उदाहरण दृष्टिहीन मुलाला वाचून दाखवले तर काही बिघडत नाही, कारण तिथे आपण गणित मोजतो आहोत, वाचन नाही. भाषेच्या पेपरातला उतारा 'वाचा व उत्तरे लिहा' म्हणून दिलेला असतो. तो वाचून दाखवला की वाचनाची चाचणी ऐकण्याची होते. आकडा येतो, पण तो वेगळ्याच गोष्टीचा असतो. म्हणून माझे मत : गणितात वाचा, भाषेत वाचू नका, तिथे ब्रेल द्या, मोठा टाइप द्या, आणि ज्याला तरीही जमत नाही त्याच्या नावापुढे स्पष्ट लिहा की उतारा वाचून दाखवला होता. या एका शेऱ्यासाठी मी प्रशिक्षणांत किती वेळा उभी राहिले आहे! मागच्या रांगेतले आता मी उठले की चहाला उठतात.

आणि डहाणू-तलासरीत याला तिसरे टोक आहे. वाचायचे, पण कोणत्या भाषेत? पाड्यावरच्या मुलाची घरची बोली वारली. मराठी त्याला शाळेच्या दारात भेटते. म्हणूनच इथे अध्ययन अक्षमता ओळखणे महाकठीण. केंद्राच्या २०१८ च्या राजपत्रात त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी सांगितली होती. पण तिसरीतले वारली मूल मराठी अडखळत वाचते, ते अक्षमतेमुळे की भाषा परकी म्हणून, हे मी वीस मिनिटांत कसे सांगू? मुंबईकडे या प्रमाणपत्रांसाठी पालक रांगा लावतात. माझ्या यादीत ती एका हाताच्या बोटांवर मावतात. डहाणूची हवा मुंबईपेक्षा चांगली आहे म्हणून असे होते, असे निदान मी तरी मानत नाही.

आमच्याकडे सोयी कधीकधी भूकंपासारख्या येतात, शब्दशः. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले आणि पुढचे काही महिने बऱ्याच शाळा उघड्यावर, तंबूत भरल्या. त्या काळात अंधुक दिसणाऱ्या एका मुलीचे गणित एकाएकी सुधारले. सगळे म्हणाले, मॅडमची मेहनत. मेहनत कसली! वर्गातून बाहेर, आंब्याखाली बसल्यावर तिला पहिल्यांदा पुरेसा उजेड मिळाला होता. शाळा पुन्हा खोलीत गेली तेव्हा मी तिची सतरंजी खिडकीखाली हलवली. इतकी वर्षे शिकून, प्रशिक्षणे घेऊन, ही गोष्ट मला जमिनीने हलवून सांगितली.

आता जी गोष्ट मनातून जात नाही ती सांगते. मुलगा डहाणू तालुक्यातला, सहावीत. मेंदूचा पक्षाघात. हात त्याच्या मर्जीत नाहीत, बोलणे आईला आणि मला कळते, इतरांना नाही. डोके तल्लख. वडील चिकूच्या वाडीत मजुरीला, हाही लहानपणापासून तिथेच झाडाखाली गोणपाटावर बसून मोठा झालेला. माझ्याकडे त्याच्यासाठी पुठ्ठ्याची अंकपाटी आहे, शून्य ते नऊ. मी पाटी समोर धरते, तो नजरेने आकडा दाखवतो, मी बोट ठेवून विचारते, तो डोळे मिटून 'हो' म्हणतो. एका उत्तराला तीन-चार मिनिटे लागतात.

शाळेने यंदा त्याला घरी बसवले नाही, हेच मोठे. ओसरीत आम्ही दोघे बसलो. गणिताच्या पेपरात एक उदाहरण असे काहीसे होते (आकडे मी बदलले आहेत) : एका वाडीत झाडांच्या १८ ओळी आहेत, प्रत्येक ओळीत १२ झाडे. त्यांतील ३६ झाडे सुकली. तर किती झाडे उरली? मी छापले होते तसे वाचले. तो माझ्याकडे बघत राहिला. 'उरली'वर अडला असेल असे मला वाटले, म्हणून मी ते वारलीत सांगितले. माझी वारली वीस वर्षांची आहे, पण शिकलेली आहे, दुधातून आलेली नाही. मी जे म्हटले त्याचा अर्थ होता : आता वाडीत झाडे किती आहेत?

त्याने दोन दाखवला. मग एक. मग सहा. मी विचारले, नक्की? डोळे मिटले. पुन्हा विचारले, जे विचारायला नको होते. पुन्हा मिटले. मी २१६ लिहिले. उत्तरसूचीत १८०. शून्य गुण.

संध्याकाळी त्याला घरी सोडायला गेले तर वडील भेटले. मी सहज उदाहरण सांगितले. ते हसले. "मॅडम, सुकलेलं झाड शेठ लगेच कुठं काढतो? पावसाळ्यापर्यंत उभंच असतं." म्हणजे वाडीत झाडे दोनशे सोळाच. माझ्या प्रश्नाचे उत्तर बरोबर होते. पेपरातल्या प्रश्नाचे चूक. आणि तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला की नाही, हे मला माहीत नाही, कारण मधे मी होते. भाषेच्या पेपरात वाचू नका म्हणून बैठकांत भांडणारी मी, जिथे निर्धास्त वाचा म्हणते त्या गणितातच घसरले.

दोन दिवस मी विचार केला. गुण द्यायला सांगावेत, तर मी त्या सत्तावीसवाल्या बाईंच्या पंगतीत जाऊन बसते. न सांगावेत, तर माझ्या चुकीचे शून्य त्याच्या नावावर. शेवटी मुख्याध्यापकांना घडले ते लिहून दिले. ते भले गृहस्थ, म्हणाले, "मॅडम, दोन गुणांचं एवढं काय? त्याला आपण चाचणीला बसवलं, हेच बघा ना." शेऱ्याला जागा नव्हती, म्हणून त्यांनी माझा कागद उत्तरपत्रिकेला टाचून ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे की प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. तसे झाले असते तर त्या मुलाला त्याच्याच बोलीत वाढलेली एखादी शिक्षिका मिळाली असती, आणि मी कदाचित बाजूला बसून नुसती बघत असते. माझ्या यादीतली मुले दहाच्या कितीतरी पट आहेत, तेव्हा हे वाक्य लिहून सोडून देते.

आठवड्याने मी पुन्हा त्या शाळेत गेले. अंकपाटी काढली आणि तेच उदाहरण वाचले. या वेळी छापल्याबरहुकूम, एकही शब्द न बदलता. त्याने लगेच दाखवले : एक, आठ, शून्य. मी खूश होऊन वहीत तारीख घातली. तेवढ्यात पाठीमागून गुरुजी म्हणाले, "बरोबर सांगितलं ना? परवाच मी सगळा पेपर फळ्यावर सोडवून घेतला."

मी तारीख खोडली. तो हसत होता.