अडीच नॅनोमीटरचा बांध

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्यानं माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ काढून टाकली. चांगल्या हेतूनं काढली, आणि खाली लिहिलं, 'कॉन्टॅक्ट मधोमध बसत नव्हता, दुरुस्त केला.' मी बदल पाहिला, मला तो पटला, मी तो स्वीकारला. ती ओळ तीन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती, हे मात्र मला आठवलं नाही.

आधी काम काय ते सांगतो. चिप कारखान्यात घडण्याआधी कुणीतरी ती चित्रात काढलेली असते. पडद्यावर रंगीत पट्ट्या, एकावर एक थर. हिरवी पट्टी सिलिकॉनमधल्या डिफ्यूजनची, लाल पॉलिसिलिकॉनची, निळी धातूची. निळी पट्टी लाल पट्टीवरून खुशाल जाते, मध्ये कॉन्टॅक्टचं भोक पाडल्याशिवाय दोघींची गाठ पडत नाही. पण लाल पट्टी हिरवीला ओलांडून गेली की त्या चौकात ट्रान्झिस्टर तयार होतो, तुम्हाला हवा असो वा नसो. या चित्राला आम्ही लेआउट म्हणतो. पुण्याला नोकरीत मी वर्षानुवर्षं तेच काढलं, महागड्या सॉफ्टवेअरवर. आता धाराशिवला घरी बसून काढतो आणि दोन मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. एक मॅजिक, १९८० च्या दशकात बर्कलीला जॉन आउस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं, आज टिम एडवर्ड्स सांभाळतात ते. दुसरं केलेआउट, मथियास कोफरलाइन यांचं. चाळीस वर्षांचं सॉफ्टवेअर अजून चालतं याचं लोकांना नवल वाटतं. मला त्याच्यासोबतचे धडे अजून वाचता येतात याचं जास्त वाटतं.

केलेआउटवर चालणारी पायथनची एक छोटी अवजारपेटी मी ठेवली आहे. रुंदी-लांबी दिली की ती ट्रान्झिस्टर आखून देते. सोबत मराठीत टिपा. तुळजापूर-धाराशिवकडची इंजिनिअरिंगची मुलं ती वापरतात. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या प्रक्रियेची नियमावली सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून हे शक्य झालं. त्याआधी कारखान्याचे नियम हवे असतील तर गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागे, आणि ती सही गावाकडच्या पोराकडून कोण घेणार?

आता त्या ओळीकडे येतो. या प्रक्रियेत कॉन्टॅक्ट १७० नॅनोमीटरचा चौरस असतो. मुलानं डिफ्यूजनची रुंदी ४२५ दिली. ४२५ मधून १७० गेले, उरले २५५, दोन्ही बाजूंना निम्मेनिम्मे म्हणजे एकशे साडेसत्तावीस. गणित बरोबर आहे, फक्त कारखान्याला ते चालत नाही. तिथं प्रत्येक कोपरा ग्रिडवर, म्हणजे ५ नॅनोमीटरच्या पटीतच पडला पाहिजे. शिवाय चित्र कारखान्याला जातं त्या जीडीएस फाइलमध्ये आकडे पूर्णांकात साठवतात, त्यामुळे तो अर्धा नॅनोमीटर तसाही कुठंतरी सरकणारच. म्हणून माझी ती ओळ मुद्दाम एका बाजूला १२५ आणि दुसऱ्या बाजूला १३० ठेवायची. कॉन्टॅक्ट मध्यापासून अडीच नॅनोमीटर ढळायचा. विजेला त्याचा पत्ताही लागत नाही. पण नीटनेटक्या डोळ्याला तो खुपतो, आणि तो विद्यार्थी नीटनेटका होता.

चित्र कारखान्याला पाठवायच्या आदल्या रात्री दुसऱ्या एका मुलीचा फोन आला. "सर, काल डीआरसी क्लीन होता, आज दीडशे चुका दाखवतोय." आवाज रडवेला. डीआरसी म्हणजे चित्रातली अंतरं आणि रुंद्या कारखान्याच्या नियमात बसतात का, याची तपासणी. रात्री दीड वाजता मला ओळ सापडली. गिट नावाची व्यवस्था कोणी, कधी, काय बदललं ते जपून ठेवते. का बदललं ते माणसानं लिहिलं तरच तिथं असतं. तीन वर्षांपूर्वी ती ओळ घालताना मी लिहिलं होतं, 'किरकोळ दुरुस्ती.' बास. त्या पोराला काय म्हणून बोलणार?

सकाळी चहाला अण्णांना हे सांगितलं. अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. चिप त्यांना कळत नाही, पण कोपरा का ढळला हे त्यांना माझ्याआधी कळतं. त्यांनी नोकरीत जुनी टिपणं वाचली ती साखळी-आण्यांतली. साखळी तेहतीस फुटांची, तिचा सोळावा भाग एक आणा, म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. जमीन काही आण्यात वाकत नाही, पण लिहिणाऱ्याला आण्यात लिहावी लागे. आपल्या ५ नॅनोमीटरसारखंच, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना दुसरंच सांगायचं होतं. एका टिपणात सरळ चाललेली हद्द मध्येच दोन आणे उत्तरेला सरकलेली होती. कारण कुठं लिहिलेलं नाही. त्या दोन आण्यांवर भावाभावांत कोर्टकचेरी. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, तिथं बाभळीचं जाड खोड होतं, साखळी सरळ जाईना. झाड कधीच तोडलेलं, रेघ मात्र अजून त्याला वळसा घालून जात होती. त्यानंतर अण्णा आपल्या कागदावर कडेला लिहू लागले, बाभूळ, विहीर, ओढा, जे काही असेल ते.

मॅजिकमध्ये एक आज्ञा आहे, 'डीआरसी व्हाय'. चुकीच्या जागेवर पडद्यावर पांढरे ठिपके उमटतात. तो भाग चौकटीत घेऊन विचारलं की सॉफ्टवेअर सांगतं, या थराच्या दोन पट्ट्यांत १७० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतर आहे. मला ही आज्ञा फार आवडते, आणि अपुरीही वाटते. कोणता नियम मोडला ते ती सांगते. नियम का आहे, ते विचारायला अजून आज्ञा नाही. ते टिपांत लिहावं लागतं, आणि त्यासाठी आधी कुणालातरी तो नियम मोडून दाखवावा लागतो. माझ्या टिपांमधली चांगली पानं सगळी मुलांच्या चुकांतून आली आहेत. मी आपणहून लिहिलेली पानं कुणी वाचत नाही, मीसुद्धा.

मराठीत लिहिण्याची आणखी एक गंमत. सिलिकॉनमध्ये एक भाग वेगळा राखतात, तो 'एन-वेल'. त्याला मी उत्साहानं 'विहीर' लिहिलं. मग त्या भागाला वीज जोडणारा 'वेल टॅप' आला. आता विहिरीला नळ! आमच्याकडं उन्हाळ्यात दोन्ही कोरडे असतात, असं एका पोरीनं वहीच्या कडेला लिहून ठेवलं. मी मुकाट्यानं 'वेल' आणि 'टॅप' वर परत आलो. पण त्या चेष्टेमुळे टॅपचा नियम मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसला. कुठलाही ट्रान्झिस्टर टॅपपासून १५ मायक्रोमीटरच्या आत हवा. नाहीतर वेल आणि सबस्ट्रेट यांच्यात लपलेला एक थायरिस्टर जागा होतो, वीजपुरवठा थेट जमिनीला भिडतो आणि चिप तापून मरते. नुसतं '१५' लिहिलं असतं तर जागा वाचवायला कुणीतरी नक्की सोळावर गेलं असतं.

अंतरं बरोबर आली म्हणजे चित्र बरोबर आलं, असं मात्र होत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी असते, एलव्हीएस. सर्किट कागदावर जसं ठरलं तसंच लेआउटमध्ये जोडलंय का, हे ती पाहते. मुलांना हे मी नकाशा आणि वहिवाट या शब्दांत सांगतो, लगेच कळतं. नकाशावर एक, शेतात दुसरंच, हे इथं प्रत्येकाच्या घरी झालेलं असतं. माझं आजोळ लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर ते गाव नव्या जागी वसलं. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, दोन घरांत मोजून अंतर. डीआरसी एकदम क्लीन. आजी नव्या घरात शिरली, मागं-पुढं पाहिलं आणि विचारलं, "गुरं कुठं बांधू?"

ती ओळ मी परत घातली. वर चार ओळींची टीप लिहिली: रुंदी ४२५, कॉन्टॅक्ट १७०, उरलेलं निम्मं केलं की एकशे साडेसत्तावीस, ग्रिड ५, म्हणून कॉन्टॅक्ट मुद्दाम अडीच नॅनोमीटर डावीकडे, मधोमध आणू नये. आणलाच तर काय होतं, हेही लिहिलं. सोबत ४२५ चा एक नमुना ठेवला. कुणी बदल पाठवला की तो आपोआप तपासला जातो आणि ग्रिड सुटलं तर लाल दिवा लागतो. ओळ काढणाऱ्या त्या विद्यार्थ्यालाच टीप वाचायला दिली. त्यानं एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि विचारलं, "सर, उजवीकडं का नाही?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मग टिपेत तेही घातलं: डावी-उजवीला कारण नाही, मी डावी निवडली.

अण्णांना पडदा दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळी टीप वाचली, इंग्रजी शब्दांवर अडखळत.

"सगळं हाय," ते म्हणाले. "सही कुठाय? तारीख?"

तारीख, वेळ, नाव सगळं गिट ठेवतं, असं मी सांगून पाहिलं. ते काही बोलले नाहीत, नुसते पडद्याकडं बघत राहिले. मी टिपेखाली नाव घातलं, तारीख घातली, आणि मग बदल पाठवला.