खोडदची शांतता

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन आलेल्या कुणालाही विचारा, खोडदच्या दुर्बिणीचा रस्ता तो झोपेतही सांगेल. तिथे आत काय चालतं असं विचारलंत तर मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणतं उपग्रहांवर नजर ठेवतात, कुणी म्हणतं परग्रहवाल्यांचे फोन घेतात. माझे चुलते, म्हणजे नाना, वर्षानुवर्षं एकच सांगत आलेत : "आपल्याकडं फॅक्टरी येऊ नये म्हणून बसवलंय ते."

इंजिनिअरिंग झाल्यावर काही महिने मी तिथे प्रशिक्षणार्थी होते. कमी फ्रिक्वेन्सीच्या नव्या रिसीव्हरांची चाचणी हे आमच्या टेबलावरचं काम. तेव्हापासून घरात नानांच्या त्या वाक्याला उत्तर द्यायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. ते उत्तर मला अजूनही एका दमात देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी दुर्बिणीबद्दल. जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वायच्या आकारात तीन बाजूंना पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत अंतर सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे उभं केलं. डिशचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, दोरांवर ताणलेल्या बारीक स्टीलच्या तारांच्या जाळीचा आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते, वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला.

पण डिश फक्त गोळा करते. ऐकण्याचं काम तिच्या नाभीपाशी टांगलेल्या फीडचं आणि त्याला जोडलेल्या रिसीव्हरचं. जुने रिसीव्हर १५०, २३५, ३२५, ६१० मेगाहर्ट्झ आणि १००० ते १४५० अशा ठरावीक पट्ट्यांत ऐकायचे, आणि एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ. अपग्रेडमध्ये ठरलं की १२०पासून १४५०पर्यंतचा बहुतेक सगळा पट्टा चार मोठ्या तुकड्यांत ऐकायचा, आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत. खिडकीच्या फटीतून बघणाऱ्याला अख्खी गॅलरी मिळावी, तसं.

आता गंमत अशी की असा रिसीव्हर कुठून कुठपर्यंत ऐकेल, हे ठरवताना आकाशाआधी शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. सर्वांत खालचा पट्टा १२०ला सुरू होतो, कारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम रेडिओ आहे. दूरच्या दीर्घिकेचा सिग्नल आणि एफएम स्टेशन यांच्यातला फरक म्हणजे डीजेच्या वरातीत कुणी तरी कुजबुजावं, एवढा. आणि त्रास फक्त त्या १०८पर्यंतच्या जागेत होत नाही. जोराचा सिग्नल ॲम्प्लिफायरमध्ये शिरला की तो ॲम्प्लिफायर बिथरतो आणि जिथे काहीच नाही तिथेही खोटे सिग्नल तयार करतो. म्हणून मध्ये फिल्टर लागतो. पण फिल्टर फुकट मिळत नाही. तो आपला थोडा गोंगाट मिसळतो आणि आकाशातून आलेलं थोडं खाऊन टाकतो.

इथे कमी फ्रिक्वेन्सीची एक सोय कामाला येते. रेडिओच्या जगात गोंगाट तापमानात मोजतात. १४०० मेगाहर्ट्झला आकाशाचा स्वतःचा गोंगाट जेमतेम काही केल्विन असतो, तिथे रिसीव्हरचा एकेक केल्विन जड जातो. १५०ला आपल्या आकाशगंगेचीच खरखर शेकडो केल्विन असते, ५०ला तर हजारो. म्हणजे खाली उतरावं तसं आकाशच इतकं बडबडं होतं की रिसीव्हरने थोडी खरखर केली तरी फारसं बिघडत नाही. त्याला हेलियमने गार करण्याचा खटाटोप लागत नाही. तो खर्च वाचतो, आणि ते पुण्य फिल्टरवर खर्च करता येतं. माझ्या प्रशिक्षणातला हा पहिला खरा धडा होता : किती चांगलं हवं हे आधी विचारायचं, मग चांगलं करायला बसायचं.

चाचणीचं काम बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. लो नॉइज ॲम्प्लिफायर, म्हणजे सगळ्यांच्या भाषेत एलएनए, त्याच्या तोंडाला आधी खोलीच्या तापमानाचा रेझिस्टर जोडायचा, मग द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनला बुडवलेला. दोन्ही वेळा बाहेर किती पॉवर येते ते मोजायचं. एलएनए निर्दोष असता तर दोन आकड्यांचं गुणोत्तर दोन तापमानांच्या गुणोत्तराइतकं आलं असतं. ते जितकं कमी येतं तितका एलएनएचा स्वतःचा गोंगाट. असं पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करत जायचं. प्रत्येक डिशला दोन ध्रुवीकरणं, म्हणजे एका पट्ट्यासाठी ६० एलएनए, शिवाय सुटे. आणि सगळे एकमेकांसारखे हवेत, कारण ३० डिश मिळून एक दुर्बीण होते. एखादाच फार हुशार निघाला तर त्याचा उपयोग नाही. बाकीच्यांशी त्याचा सूर जुळायला हवा.

टेबलावर पास झालेला रिसीव्हर डिशवर चढला की दुसरी परीक्षा. डिश कॅसिओपिया ए या स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाकडे वळवायची, मग बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे. दोन्हींतला फरक अपेक्षेइतका आला तर फीड, केबल, एलएनए असं सगळं जोडकाम शाबूत आहे. मग दुसऱ्या डिशबरोबर सिग्नल जुळवून बघायचा. सिग्नल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात, तिथे गुणाकार होतो, आणि स्क्रीनवर हळू वर-खाली होणारी लाट दिसते. ती लाट दिसली की खोलीतलं कुणी टाळ्या वाजवत नाही. चहा सांगतात.

एवढं करून मिळालं काय? १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरायला निघालं. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झवरचा अगदी क्षीण सिग्नल खोडदला थेट ऐकू आला, आणि उतरण्याच्या जरा आधी तो तुटल्याचंही इथे कळलं. यान आदळून फुटलं होतं. जुन्या ३२५च्या पट्ट्यात ४०१ येतच नव्हतं, नव्या २५० ते ५००च्या पट्ट्यात होतं. २०२३च्या जूनमध्ये पल्सारांच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वगुंजनाचा पुरावा जाहीर झाला, त्यातही खोडदची निरीक्षणं होती. पल्सारचा ठोका अवकाशातल्या इलेक्ट्रॉनमधून येताना रेंगाळतो, आणि कमी फ्रिक्वेन्सीला जास्त रेंगाळतो. हा उशीर नेमका मोजायचा तर खाली उतरूनच ऐकावं लागतं.

आणि अजून खाली? हायड्रोजनची खूण १४२० मेगाहर्ट्झची. विश्व प्रसरण पावतं तशी ती ताणत जाते. विश्व एक अब्ज वर्षांचंही झालं नव्हतं तेव्हाचा हायड्रोजन आज १५०च्या आसपास शोधावा लागतो. पहिले तारे पेटत होते तेव्हाचा ७०च्या आसपास. बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटने खोडदच्या चार डिशवर ५० मेगाहर्ट्झच्या आसपासची प्रणाली बसवून पाहिली होती. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलएच्या २७ डिशवर १९९८मध्ये ७४ मेगाहर्ट्झचे डायपोल लागले. प्रत्येक पायरी खाली उतरताना लहर लांब होते, डिश तिच्या मानाने लहान पडते, आयनोस्फिअर जास्त हलतं, आणि माणसाचा आवाज वाढत जातो.

हा माणसाचा आवाज म्हणजे आमची गावं. रेडिओ खगोलशास्त्राला कायद्याने राखून दिलेले पट्टे अरुंद आहेत. ४०० मेगाहर्ट्झ ऐकणारा रिसीव्हर त्यांच्या बाहेर कितीतरी दूर ऐकतो. तिथे त्याला कायदा वाचवू शकत नाही. तिथे शेजारी शांत राहिले तरच भागतं. विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर ठिणग्या टाकतो, त्यांचा कडकडाट सगळ्या खालच्या पट्ट्यांत पसरतो. वेल्डिंग, मोटारीचे स्टार्टर, स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर, प्रत्येकाची आपापली भर. परिसरात मोठ्या उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्गही दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून बाजूला ठेवला गेला.

माझा चुलतभाऊ रोज चाकणला जातो, अंधार असताना निघतो आणि अंधारातच परततो. बिबट्याच्या भीतीने नाना टॉर्च घेऊन फाट्यावर उभे असतात. एकदा जेवताना ते म्हणाले, "तुमच्या दुर्बिणीला शांतता पाहिजे ना? ती शांतता आमची हाय. तिचं भाडं कोण देतंय?"

"नाना, तुम्ही म्हणता ते खोटं नाही," एवढंच मी म्हणाले. विज्ञानामुळे जगाचं भलं होतं वगैरे सांगता आलं असतं, पण ते चाकणच्या बसला लागू पडत नाही. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ २००२पासून इथे वेळ मागतात, आणि तो वेळ काही अंशी जुन्नर, आंबेगावच्या लोकांनी दिलेला आहे, हे पेपरांच्या आभारात कधी लिहून येत नाही. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला गेट उघडतात, शाळेच्या पोरांची जत्रा भरते. माझीही सुरुवात तिथलीच. पण वर्षातून दोन दिवसांची जत्रा हे भाडं होत नाही. स्थानिक पोरांना तिथलं प्रशिक्षण, गोंगाट न करणाऱ्या उद्योगांना इथे पहिलं बोलावणं, एसटीच्या वेळा, असं काही तरी रोजच्या जगण्यात उतरलं पाहिजे. बँड कुठे सुरू करायचा ते जसं शेजाऱ्यांना विचारात घेऊन ठरतं, तसं हेही ठरू शकतं.

नानांशी माझा वाद मिटलेला नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं, ठिणगीवाला खांब ओळखायचा कसा? मी सांगितलं, जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हला लावा, स्टेशन नसलेल्या जागी आणा आणि लाइनीच्या कडेने चाला. खरखर जिथे वाढेल तिथे बघा. ते संध्याकाळी उसाच्या बांधाने फिरले. तिसऱ्या खांबापाशी कडकड सुरू झाली. त्याच खांबाखाली मागच्या साली पाचट पेटलं होतं. नानांनी वायरमनच्या मागे लागून इन्सुलेटर बदलून घेतला. दुर्बिणीसाठी नाही, उसासाठी, हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं.