ओहोटी गाठायची म्हणून

मांडव्याच्या धक्क्याला लाँच लागली, तशी भौतिकशास्त्राची मुलं बसकडे धावली. घाई ओहोटीची होती. अलिबागहून कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर तीच गाठावी लागते, आणि ती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सहलीची तारीख तिथी बघून ठरवावी, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. महाविद्यालयांनीही ते शिकून घ्यावं.

घोटाभर पाणी तुडवत सगळे आत पोचले. शिवरायांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा आधार झालेला हा किल्ला. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते रचलेले! लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. एक मुलगी त्या फटींत बोटं घालून बराच वेळ उभी राहिली. जलगतीचा याहून चांगला धडा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार?

दुपारी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा विषय निघाला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये तिथलं चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं. बांधकामातही लोखंड टाळलं.

“मग उद्या इथून विजेची रेल्वे गेली तर?” एकाने विचारलं. परतीच्या लाँचवर त्यावरच वाद रंगला.